बुधीच्या अंगठ्याची बदली

बुधीसाठी बदलीचे तीन अर्ज मी स्वतः खरडले. तिन्ही मेले कुठल्याशा टेबलावर पडून आहेत. बुधी आमच्या जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण, आणि मी, उज्ज्वला, तिथली कारकून. बुधीची सहा वर्षांची रुपी सूर्यमाळला आजीकडे असते. महिन्यातून एकदा भेट. परवा रुपीनं आईला ‘मावशी’ म्हटलं. हे सांगताना बुधी नुसती पीठ मळत राहिली. माझा जीव तुटला.

त्यात हजेरीची यंत्रं आली. तीन दारांना तीन. इथं नेटवर्कचा पत्ता नाही, म्हणून यंत्रं बसवणारा पंकज म्हणाला, “मॅडम, प्रत्येकाला स्वतःचं डोकं दिलंय. कोणाला विचारत नाहीत, आपलं आपण ठरवतात.”

झालं. भाताची आवणी करून आणि टोप घासून बुधीच्या बोटांवरच्या रेघा कधीच गेलेल्या. फाटकावरचं यंत्र एकही बोट मानेना. पंकज वैतागला आणि त्यानं पायाचा अंगठा लावायला सांगितला. तो लागला! मग रोज सकाळी माझा खांदा धरून बुधी यंत्राला लाथ दाखवायची. पंकजच्या पुढच्या खेपेला स्वयंपाकघराच्या यंत्रानं तिची डावी करंगळी घेतली. कोठीच्या यंत्रानं चेहरा घेतला, तोही धुरानं डोळे मिटलेला. त्यामुळे कोठीत जाताना डोळे मिटायचे. तिघांनी तिला आपापला वेगळा नंबर दिला.

दिवाळीनंतर पंकजनं तिन्ही यंत्रं वायरनं एकमेकांना जोडली, हजेरी पेनड्राइव्हवर भरून नेली, आणि वर अहवाल गेला: स्वयंपाकीण मंजूर एक, हजर तीन.

मी ऑफिसच्या लँडलाइनवरून प्रकल्प कार्यालयातल्या साहेबांना फोन केला. “अहो, बाई एकच आहे.”

“मॅडम, यंत्र कशाला खोटं बोलेल?”

मी तावातावानं चूकदुरुस्तीचं पत्र टाइप केलं. सही करणार, तोच आदेश आला. बुधी, फाटक क्रमांक एक, या अतिरिक्त ठरल्या असून त्यांनी सूर्यमाळच्या वसतिगृहात तात्काळ हजर व्हावे.

मी पत्र फाडलं.

“म्हणजे अंगठ्याची बदली झाली?” बुधीनं विचारलं. “मग बाकीची मी?”

“अंगठा एकटा कसा जाईल गं? तू जा त्याच्यासोबत.”

तिनं पदरानं तोंड पुसलं, बोचकं बांधलं आणि सूर्यमाळला जायला मोखाड्याची जीप धरली.

त्या दिवशी ऐंशी मुलींचा भात मी केला. करपला. तसाच वाढला. कोणी तक्रार केलीच, तर उत्तर तयार होतं: दोन बुधी अजून हजेरीवर आहेत, त्यांना विचारा.