निळ्या फौजेची खुर्ची

सुट्टीच्या दिवशी घड्याळवाल्या काकांनी सकाळी शब्दकोडं सोडवलं, गाण्यांची रेकॉर्ड लावली आणि वर्षभर रचत आणलेला युद्धाचा खेळ टेबलावर मांडला. संध्याकाळी मित्र तो पहिल्यांदा खेळणार होते. दोन्ही बाजूंनी आपणच खेळून पाहायचं, ही काकांची पद्धत. पण दर वेळी निळी फौज उतावीळपणे पुलावर तुटून पडायची आणि लाल फौज जिंकायची. नियम बदलूनही तेच. असा एकतर्फी खेळ दाखवून हसं करून घेण्यापेक्षा तो गुंडाळलेला बरा, म्हणून ते सोंगट्या डब्यात भरू लागले.

"अहो, नियमांना कशाला बोल लावता?" काकू दारातून म्हणाल्या. "लाल खेळताना तुम्ही ऐसपैस बसता. निळे खेळताना उभे. गुडघे दुखले की सेनापतीला घाई सुटते!"

पलीकडच्या खुर्चीवर महिनाभर अर्धवट जुळवलेलं चित्रकोडं पडून होतं. काकांनी ते पलंगावर सरकवलं, सोंगट्या पुन्हा मांडल्या आणि तिथे बसले. निळी फौज पहिल्यांदाच नदीकाठी थांबली.

"आता निळे चहाही मागतील!" काकू म्हणाल्या.

"मागतील की. पण आधी लालांच्या खुर्चीवर तू बस."