सोळा कोअरचा प्रोसेसर

मेघाने प्रोसेसरचे दोन खोके काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. शहापुरातल्या तिच्या दुकानात अनंता आज दुसऱ्यांदा आला होता. मुलीने, रविनाने, लिहून दिलेला कागद त्याने पुन्हा उलगडला.

"तुमच्या कॉम्प्युटरच्या जुन्या बोर्डावर दोन्ही बसतात," मेघा म्हणाली. "हा आठ कोअरचा, गेमला याच्यासारखा दुसरा नाय. हा सोळा कोअरचा. गेम याच्यावरपण चालतात, पण हा खरा कामाचा. व्हिडिओ एडिटिंग पटापट होतं. पाच-सहा वर्षं दुसरा बघायला नको. रविनाने हाच लिहिलाय ना?"

"हा. लोकांना लग्नाचे व्हिडिओ करून देणार म्हणते."

"मग हाच न्या, काका. पुढं उपयोगी पडंल."

अनंताने कागदाची घडी घातली, ती नखाने दाबून दाबून बारीक केली. रविनाचे पाय गेले त्याला चार वर्षं झाली. स्नायूंचा तो आजार आता हृदयापर्यंत पोचला होता. गेल्या सोमवारी मुंबईच्या डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून त्याला एकट्यालाच सांगितलं, वर्ष मिळालं तरी पुष्कळ. घरी त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

"गेममधी ती घोड्यावर बसते," तो म्हणाला. "डोंगर चढते. मधीच अडकतं ते. आठवाल्यावर नाय ना अडकणार?"

"अजिबात नाय. पण काका, पुढचा विचार केला तर..."

"आठवालाच दे."

मेघाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग तिने सोळा कोअरचा खोका मागे ओढला.

किन्हवलीला घरी पोचल्यावर त्याने खोका रविनाच्या मांडीवर ठेवला. उत्तर त्याने एसटीतच तयार केलं होतं.

"तो दुसरा संपलेला गो."

रविनाने आखडलेल्या बोटांनी खोका फिरवला, वरची अक्षरं वाचली. मागच्या दारी तिची आई मीना भांडी घासत होती. तिकडे एकदा बघून रविना हळू म्हणाली,

"बरं झालं, बाबा. मला हाच पायजे होता."

"मंग तो कशाला लिवलास?"

"हा लिहिला असता तर तुमाला कळलं असतं, मला डॉक्टरांचं सगळं ठाऊक हाय म्हणून."

अनंता तिच्या खुर्चीशी खालीच बसला.

"मिळाला का गो, कामाचा?" मागून मीनाने विचारलं.

"मिळाला," दोघं एकदमच म्हणाली.