एका घोटानं काय होतंय!

मित्रांनो, जरा लांबूनच ऐका. फार जवळ आलात तर डोळ्यांत पाणी येईल आणि लोक म्हणतील, गोष्ट भारी करुण होती बरं का. तशी ती अजिबात नाही. मी एक जुनं लाकडी पिंप आहे आणि माझ्या पोटात सिरका आहे, म्हणजे तुमचं व्हिनेगर. पाणी येतं ते त्याच्या वासानं.

पण मी जन्मलो तो वाईनसाठी. एका म्हाताऱ्या ओक झाडाच्या फळ्या आतून जाळ दाखवून वाकवल्या, बाहेरून लोखंडी पट्टे ठोकले आणि झालो मी. मला घडवणाऱ्या कारागिरानं माझ्या पोटावर थाप मारली आणि म्हणाला, "पोट मोठं, तोंड लहान. माणसं अशी घडवता आली असती तर घरोघरी शांतता नांदली असती."

तरुणपणी मी जहाजावरून पुष्कळ हिंडलो. कुठे लोक माझ्यातली वाईन निम्मं पाणी घालून पीत, कुठे पाणी घालणाऱ्याकडे चोरासारखं बघत. कुठे पहिले थेंब जमिनीवर सांडत, गेलेल्या माणसांना तहान लागली असेल म्हणून. कुठे पेला उचलला की एकमेकांच्या डोळ्यांत बघावंच लागे, नाहीतर वर्षभर रुसवा. कुठे प्रार्थनेत एक घोट घेत, तर कुठे तिला हातही न लावणं हीच प्रार्थना. मी दोन्हीकडे धक्क्यावर उभा राहिलो आहे, आणि दोन्हीकडची माणसं मला भली वाटली. पिण्याचं कारण मात्र प्रत्येकाकडे तयार असे. थंडी आहे म्हणून, उकडतंय म्हणून, पाहुणा आला म्हणून, पाहुणा एकदाचा गेला म्हणून.

म्हातारपणी मी एका द्राक्षमळ्याच्या तळघरात येऊन विसावलो. तिथे मालक होते, मालकीणबाई होत्या, मालकांची विधवा बहीण होती, तिला सगळे आत्या म्हणत. मालकांचे धाकटे भाऊ होते, ते काका. आणि मालकांची एकुलती एक मुलगी. चांगली उंचीपुरी झाली तरी घरात तिचं नाव चिमणीच.

एका हंगामात द्राक्षं अशी पिकली, की मधमाश्या वेलींवरच मुक्काम ठोकून बसल्या. त्यांची वाईन मालकांनी माझ्यात काठोकाठ भरली, वर बूच ठोकलं आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, "चिमणीचं लग्न ठरेल त्या दिवशी हे उघडायचं. त्याआधी कुणी हात लावायचा नाही. आणि ज्या घरचा माणूस माझ्या पिंपातला घोट घेणार नाही, त्या घरी माझी पोर जाणार नाही!"

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. पिंप भरलेलं असलं तरच वाईन टिकते. ती थोडी कमी झाली, की रिकाम्या जागेत हवा शिरते आणि वाईन आंबून सिरका होते. म्हणून मालकांनी माझ्या शेजारी त्याच वाईनची एक मोठी काचेची बरणी ठेवली होती. माझ्यातली पातळी उतरली की बरणीतून भर घालायची, असा तळघराचा नियम.

पहिल्यांदा आत्या आली. दुपारी सगळे आडवे झाल्यावर. माझी तोटी फिरवून तिनं छोट्या पेल्यात वाईन घेतली, दोन थेंब जमिनीवर टाकले आणि म्हणाली, "हे तुमचे हो." म्हणजे तिच्या गेलेल्या नवऱ्याचे. उरलेली ती स्वतः प्यायली. "तुम्हाला तरी कुठे जास्त सोसायची," म्हणाली आणि डोळे पुसत हसली. मग बरणीकडे वळली आणि थबकली. बरणी काचेची! त्यातली वाईन कमी झाली तर भावाला लगेच दिसणार. माझं पोट लाकडाचं, आतलं कुणाला दिसतंय? "जाऊ दे," ती पुटपुटली. "एका घोटानं काय होतंय!"

मग मालकीणबाई वाटी घेऊन आल्या. म्हणे स्वयंपाकाला हवी. वाटी भरली की निम्मी चुलीवरच्या भांड्यात जाई, निम्मी जिन्यातच संपे. काका आले, कारण त्यांना कविता होत असत, आणि कोरड्या घशानं त्या होत नसत. माझ्या पोटावर ताल धरून ते म्हणत,

*पिंपा माझ्या गड्या, तुझं लाकडाचं पोट*
*माझ्या कोरड्या ओठाला लाव एकच तू घोट*

आणि एका घोटाची ओवी चार घोटांनी पुरी करत. चिमणी यायची ती धीर गोळा करायला. तिचं मन बाजारातल्या लोणचीवाल्यांच्या मुलावर बसलं होतं आणि त्यांच्या घरात वाईनचा थेंब चालत नव्हता. "आज बाबांना सांगतेच," असं मला सांगून ती एक घोट घ्यायची. आज मात्र रोज उद्यावर जायची.

आणि खुद्द मालक? ते यायचे तपासायला. तपासणी फार बारकाईनं चाले. बरणीला तेही हात लावत नसत, कारण बायको विचारेल. जेवताना मात्र छाती काढून सांगायचे, "बघा! बरणी अजून जशीच्या तशी! माझं पिंप आटतच नाही!" ताटावर बसलेली बाकीची मंडळी खाली बघून मुकाट्यानं जेवायची.

माझ्या पोटात हवा शिरत होती, मित्रांनो. मला जळजळायला लागलं. पण पिंपाचं ऐकतो कोण?

शेवटी एकदाचं चिमणीनं सांगून टाकलं. घरात मोठं वादळ झालं, आणि त्यातून एवढंच निघालं की लोणचीवाल्यांना बोलावू, पण अट ती अट. त्या वादळानंतर कित्येक महिने तळघरात उतरायची कुणाची छाती झाली नाही.

पाहुणे आले. मुलगा कानापर्यंत लाल. त्याचे वडील जाडजूड, मिशीवाले, बोटांना बडीशेपेचा वास. मुद्दाम सगळ्यांना तळघरातच बसवलं होतं. चिमणीनं आईचा पदर ओढला. "आई, बाबांना म्हणावं, त्यांना पाणी द्या."

"मी काय सांगू गं त्यांना? तूच बघ."

मालकांनी पेला पुढे केला. लोणचीवाले हात जोडून म्हणाले, "राग मानू नका. आमच्यात नाही चालत."

"नुसते ओठ लावा."

"ओठ आमचेच आहेत हो, पण घराण्याचे आहेत."

"मग आमची पोरगीही घराण्याचीच आहे!" मालक कडाडले. मुलगा उठून उभा राहिला. चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेव्हा ते सिरक्याचं नव्हतं.

"आधी मी पितो," मालक म्हणाले. "मग बघा नाही म्हणवतं का!" त्यांनी तोटी फिरवली, पेला भरला, एका दमात तोंडात ओतला, आणि त्यांचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा झाला. कान हलले. टोपी मागे गेली.

"कोण... कोण प्यायलं यातलं?"

आत्या छताकडे बघू लागली. मालकीणबाईंनी पदर सारखा केला. काकांना एकाएकी खोकला आला.

तेवढ्यात लोणचीवाल्यांचं नाक हललं. ते उठले, माझ्यापाशी आले, तोटीखाली लोंबणाऱ्या थेंबाला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटले.

"व्याहीबुवा," ते हळूच म्हणाले, "हा तर सिरका! आमच्यात वाईन चालत नाही, पण लोणच्यांच्या सिरक्यावर तर आमचं घर चालतं. उभ्या जन्मात असा सिरका नाकाशी आला नाही. आणा तो पेला!" आणि त्यांनी चक्क एक घोट घेतला. अंगावर काटा आला त्यांच्या, पण आनंदाचा. "सांगा, हा जमवला कुणी?"

मालकांनी टोपी सरळ केली. "आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मीच. मुद्दाम तुमच्यासाठी थोडी थोडी कमी करत होतो."

"वा रे वा!" आत्या उसळली. "पहिला घोट माझा! आणि आमच्या ह्यांचे दोन थेंब!"

"आणि माझ्या वाट्या काय हवेत गेल्या?" मालकीणबाई म्हणाल्या.

"अर्धं पिंप तर माझ्या कवितांनी आंबवलंय!" काका ओरडले.

"बाबा," चिमणी म्हणाली, "तुमच्या भीतीनं किती प्यायले असेन मी!"

मालक सगळ्यांकडे बघत राहिले, मग बरणीकडे, मग माझ्याकडे. मग माझ्या पोटावर डोकं टेकून असे हसले, की माझे पट्टे खुळखुळले. "व्याह्यांनी पिंपातला घोट घेतला," ते म्हणाले. "अट पुरी झाली. पोरी, आता बरणी उघड."

मी चिमणीबरोबर तिच्या सासरी आलो. इथे मला मुद्दाम अर्धं रिकामं ठेवतात. सासरे रोज सकाळी माझी विचारपूस करतात, आणि काकड्यांना तर माझ्यावाचून करमत नाही. तरी कधीकधी पहिल्या वाईनची आठवण येते. फळ्यांच्या आत कुठेतरी ती मधमाश्यांची गुणगुण अजून आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगणं. कुणाच्या भरल्या पिंपातून काही घेतलंत तर भर घाला. भर घालणं जमलं नाही तर निदान सांगून टाका. प्रत्येक पिंपाच्या नशिबी लोणचीवाला व्याही येत नाही.

परवा चिमणी माझ्यापाशी आली. सासऱ्यांना काहीतरी सांगायचं होतं, धीर होत नव्हता. तिनं इकडेतिकडे पाहिलं, तोटी फिरवली, एक थेंब जिभेवर घेतला, डोळे गच्च मिटले आणि तशीच तरातरा माडीवर गेली.

वरून मोठा हसण्याचा आवाज आला. म्हणे माडीवर पाळणा टांगायचाय. सासरे धावत खाली आले, आनंदानं माझी तोटी फिरवली आणि मला म्हणाले, "एका घोटानं काय होतंय!"