जावईबापूंच्या पॅनेलवरचा पंप

गेल्या हिवाळ्यात, एका सोमवारी सकाळी दहा वाजता, शहराच्या कडेला असलेल्या एका डेटा सेंटरच्या मागील अंगणात माझी परीक्षा झाली. मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. मित्रांनो, हकीकत सांगण्यापूर्वी थोडा परिचय देणे मला आवश्यक वाटते. कारण जो वर्षातील बहुतेक दिवस स्वस्थ उभा असतो, त्याला लोक निरुद्योगी समजतात, आणि हा समज खोडून काढणे मी माझे कर्तव्य मानतो.

ओतीव लोखंडाचे अंग आणि तांब्याच्या तारांची वेटोळी घेऊन मी कारखान्यातून येथे आलो. समोरच्या इमारतीला खिडक्या नाहीत. आत संगणकांच्या रांगा आहेत. तुमचे परीक्षेचे निकाल, सहलीची छायाचित्रे, एखाद्या आजीच्या हृदयाचा आलेख, सारे त्यांच्यात साठवलेले असते. त्यांना क्षणभरही विजेचा खंड सोसत नाही. शिवाय ते फार तापतात, म्हणून थंड हवेची यंत्रे अखंड चालतात. बाहेरची वीज गेली की प्रथम बॅटऱ्या भार उचलतात. पण त्यांचा दम थोडा. तेवढ्या अवधीत मी जागा होतो आणि सारा भार अंगावर घेतो. एका वादळात तारा तुटल्या, तेव्हा मी सबंध आठवडा चाललो. आत कोणाला पत्ताही लागला नाही. याहून मोठी स्तुती मला ठाऊक नाही.

पुढे माझ्याशेजारी नवा जनरेटर आला. कामगार मला 'आजोबा' म्हणत. त्याला ते 'जावईबापू' म्हणू लागले, कारण त्याला छप्पर मिळाले, वीज वाटून देणारे चकचकीत पॅनेल मिळाले आणि रोज पुसायला माणूस मिळाला. माझ्या वाट्याला धूळ आली. तरीही त्याचे येणे योग्यच होते, आणि त्याचे कारण श्रेणी.

डेटा सेंटरच्या चार श्रेणी असतात. पहिलीत विजेचा एकच मार्ग असतो. दुरुस्ती आली की काम थांबवावे लागते. दुसरीत काही यंत्रे जादा असतात, पण मार्ग एकच. तिसरीत कोणतेही यंत्र दुरुस्तीसाठी बाजूला काढले तरी काम चालू राहते. चौथीत अचानक बिघाड झाला तरीही खंड पडत नाही. वरची श्रेणी तेवढी चांगली आणि खालची वाईट, हे मत मला मान्य नाही. गरजेप्रमाणे श्रेणी असावी. आम्हांला मात्र तिसरीच हवी होती. तिच्यावाचून रुग्णालये आपल्या नोंदी अन्यत्र नेणार होती, आणि तसे झाले असते तर सेंटरला कुलूप लागून सर्वांचीच नोकरी गेली असती.

श्रेणी ठरवणाऱ्या त्या परीक्षेआधीच्या शुक्रवारी मुख्य अभियंता ताईंनी रंगीत तालीम घेतली. बाहेरची वीज तोडली, जावईबापूंना विश्रांती दिली, आणि भार एकट्या माझ्यावर आला. मी उत्तम चाललो. परंतु माझ्या लहान टाकीचा काटा खाली खाली येऊ लागला. जमिनीखालच्या मोठ्या टाकीतून मला डिझेल पुरवणारा पंप मुका होता.

"मामा, हा पंप कोणाच्या पॅनेलवर आहे?" ताईंनी विचारले.

वायरमन मामांनी कान खाजवला. "जावईबापूंच्या. नवं पॅनेल भरवशाचं म्हणून तिकडे जोडला."

"म्हणजे जावई झोपले की आजोबा उपाशी."

"तसंच झालं म्हणायचं, ताई."

व्यवस्थापक मधे पडले. "सोमवारची तपासणी अर्ध्या तासाची आहे. टाकीतलं डिझेल तेवढं सहज पुरेल. आणि नवी तार ओढायची तर भिंत फोडावी लागेल. कालच रंग दिलाय."

"साहेब, परीक्षेत भिंतीला गुण नाहीत."

"अहो, पण परीक्षकांना ते भगदाड दिसलं तर?"

"दिसू दे. लपवून मिळालेली श्रेणी वादळात कामाला येत नाही."

शनिवारी भिंत फुटली. मामांनी तार ओढली आणि पंप माझ्या पॅनेलवर आला.

सोमवारी परीक्षकांनी प्रथम ते भगदाडच पाहिले. ताईंनी घडलेली चूक सांगून टाकली. परीक्षकांनी अर्ध्या तासाचा बेत मोडला. "मग टाकी उतरून पंप सुरू होईपर्यंत मी इथंच बसतो," असे म्हणून त्यांनी खुर्ची मागवली. व्यवस्थापक घाम पुसत होते. काटा उतरला, पंप गुरगुरला, काटा वर चढला. माझ्या आवाजात तसूभरही फरक पडला नाही. नंतर मला थांबवून जावईबापूंना त्यांच्या स्वतःच्या पंपावर चालवले. आतले काम तसेच चालू राहिले, आणि थांबलेला असूनही मला त्या क्षणाइतका अभिमान कधी वाटला नव्हता.

मित्रांनो, जी वस्तू क्वचितच लागते, तिचीच निगा नित्य राखा. तिला अधूनमधून चालवून पाहा, आणि उणीव दिसली तर रंगाखाली दडपू नका.

परीक्षक हात झटकत खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "कोणाचं कोणावाचून अडत नाही. तिसरी श्रेणी दिली. भिंत तेवढी बुजवून घ्या."