कापितान मामेर्तोचा बूट

सान तेलेस्फोरो गावाचा सव्वाशेवा वाढदिवस होता आणि ज्याने गाव वसवलं तो स्वतःच वाढदिवसाला हजर झाला होता. निदान चौकात लोटलेल्या गर्दीची तशी खात्री पटली होती. सकाळची मिरवणूक झाली, बँडच्या पोरींच्या काठ्या फिरवून झाल्या, निखाऱ्यांवर डुकरं फिरायला लागली, आणि ऐन त्या वेळी व्यासपीठापुढे तातय दोरोयच्या अंगात कापितान मामेर्तो संचारले.

"बाजूला व्हा! कापितान येतायत!" त्याचा चेला ओरडला.

तातय म्हणजे बाबा; हा दोरोय महिन्यापूर्वी शेजारच्या बेटावरून आलेला देवऋषी. आता त्याचे डोळे पांढरे झाले होते आणि डावा पाय तो फरफटत ओढत होता. कापितान लंगडे होते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोरोय लंगडत चौकातल्या कापितानच्या पुतळ्यापाशी गेला आणि हुबेहूब त्याच्यासारखा उभा राहिला. बायकांनी छातीवर क्रूस काढले.

"लेकरांनो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "इतकी वर्षं मातीत पडलोय रे. पाठ अवघडली."

मेयर क्रिसान्तोंनी धावत जाऊन त्याचा हात आपल्या कपाळाला लावला. "काय हुकूम, कापितान?"

"कागद!"

चेल्याने पिशवीतून कोरा कागद काढला. मेयरनी तो उलटसुलट पाहिला, गर्दीला दाखवला. मग दोरोयने तो मेणबत्तीवर धरला आणि कागदावर हळूहळू तपकिरी अक्षरं उमटली. 'माझ्या झाडाखाली सोन्याचा घडा आहे. सूर्यास्ताआधी झाड पाडा.'

झालं! सोन्याचं नाव निघालं की सान तेलेस्फोरोच्या माणसाला भान राहत नाही. जपान्यांनी युद्धात पुरलेलं सोनं शोधायला अर्ध्या गावाने आपापली परसं खणून ठेवलेली. त्यात आजवर गांडुळांखेरीज काही निघालेलं नाही, पण आशा सुटेल तर शपथ.

हे झाड म्हणजे चौकातला जुना नारा. गाव वसलं त्या दिवशी कापितानने स्वतःच्या हाताने लावलेला, तिघांच्या कवेत न मावणारा. त्याचं लाकूड मोलाचं आणि तोडायला सरकारची मनाई.

"कापितानचाच हुकूम आहे म्हटल्यावर सरकार कोण?" मेयर म्हणाले. "लालिंगबाईंना पदक देऊन टाकू, मग लगेच करवत लावू."

करवतवाले तयारच होते. दोरोयच्या मेव्हण्याचा लाकडाचा ट्रक कालपासून चर्चच्या कोपऱ्यावर उभा होता.

पदक मिळणार होतं त्या लालिंगबाई पहिल्या रांगेत बसून धुमसत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनीच शिकवलेलं, त्यात मेयरही आले. गावाच्या शंभरीला त्यांनी गावाचा इतिहास लिहिला होता. ते पुस्तक घरोघरी बायबलशेजारी ठेवलेलं असायचं आणि त्याबद्दलच आज हे पदक. भुताखेतांवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. पण ह्या उधाणलेल्या गर्दीला सांगणार काय? म्हातारीला चळ लागला म्हणाले असते.

तेवढ्यात सिद्रा त्यांच्या खुर्चीशी येऊन वाकली. सिद्रा ही कापितानची सख्खी पणती. नाराच्या सावलीत तिची बिबिंकाची गाडी असे. वरून खालून निखारे ठेवून ती तांदळाचे गरम केक भाजायची.

"बाई, कुठला पाय ओढतोय बघितलंत?"

बाईंनी मान खाली घातली. "बघितलं."

"मग?"

मग काय? पंचवीस वर्षांपूर्वी हीच सिद्रा पुस्तक घेऊन त्यांच्या दारात आली होती. 'बाई, मुखपृष्ठावरचा आमच्या पणजोबांचा फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलाय. त्यांचा उजवा पाय अधू होता; हा बघा त्या पायाचा बूट.' पाचशे प्रती वाटून झाल्या होत्या. 'बाजारात केक विकणारीने मला इतिहास शिकवू नये,' असं म्हणून बाईंनी तिला वाटेला लावलं होतं. त्याच रात्री भिंग घेऊन बसल्यावर कळलं की फोटोतल्या कोटाची बटणं उलट्या बाजूला होती. सिद्राचंच खरं होतं. पण बाई गप्प बसल्या. पुढे त्याच फोटोवरून पुतळा घडला, तरीही गप्प बसल्या.

आता बोलायचं तर आपलंच पितळ उघडं पडणार, तेही पदक घेताना, सगळ्या गावापुढे. न बोलावं तर झाड जाणार. बाईंनी नाराकडे पाहिलं. त्याच्या सावलीत त्यांनी कितीतरी वर्गांना पाढे शिकवले होते. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"सिद्रा, तो बूट अजून आहे तुझ्याकडे?"

"गाडीतच आहे. म्हटलं आज वाढदिवस, लोक बघतील. कोण बघतंय!"

"चल. आणि ती शेवयांच्या ताटातली दोन कालामान्सी लिंबं उचल."

पाव तासाने बाईंचं नाव पुकारलं गेलं. बाई व्यासपीठावर चढल्या, पण पदकासाठी मान वाकवली नाही. त्यांनी सिद्राने दिलेल्या बिस्किटांच्या डब्यातून एक काळा जुनाट बूट काढला. त्याचा तळ तीन बोटं जाड होता.

"कापितान," त्या दोरोयला म्हणाल्या, "तुमच्या अधू पायाचा बूट सिद्राने जपून ठेवलाय. घालून दाखवता?"

"माझा बूट!" दोरोय गहिवरला. "किती शोधला गं बाय!" आणि त्याने डावा पाय ऐटीत पुढे केला.

चेला बूट चढवायला बसला. आधी ढकलून झालं, मग ओढून झालं. दोरोयच्या कपाळावर घाम आला.

"मातीत पडून पाय सुजलाय," तो कण्हला.

"तातय, तो उजव्या पायाचा बूट आहे!" पुढे बसलेली एक बँडवाली पोरगी ओरडली. "सुजून उजव्याचा डावा झाला का?"

हशा पिकला. बाईंनी बूट हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. हातच्या काकणाला आरसा कशाला! मेयर मात्र गोंधळले.

"पण बाई, पुतळ्याचाही डावाच पाय अधू आहे. तुमच्या पुस्तकातसुद्धा!"

बाईंनी बूट खाली ठेवला.

"पुस्तकात चूक आहे, क्रिसान्तो. छापखान्यात फोटो उलटा लागला. मला पंचवीस वर्षं ठाऊक आहे आणि लाजेपोटी मी बोलले नाही. माझ्या चुकीवरून पुतळा झाला. आणि ह्याच्या अंगात जो आलाय ना, तो कबरीतून आलेला नाही. तो माझ्या मुखपृष्ठावरून आलाय!"

"मग कागदावर लिहिलं कुणी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"ये, दाखवते."

बाई खाली उतरून सिद्राच्या गाडीपाशी गेल्या. पदरात जपलेला कोरा कागद... म्हणजे खिशातला, कारण सान तेलेस्फोरोत बायका झगे घालतात आणि बाईंच्या झग्याला दोन मोठे खिसे होते. तर तो कागद त्यांनी निखाऱ्यांवर धरला. तपकिरी अक्षरं उमटायला लागली. मेयर मोठ्याने वाचू लागले.

"'हुकूम आज झाला, तर ट्रक... कालच... कसा आला?'"

"हे कुठल्या आत्म्याने लिहिलं, बाई?" मेयरनी विचारलं.

"कालामान्सीने. रसाने लिहायचं आणि वाळवायचं. दिसत नाही. ऊब लागली की रस कागदाच्या आधी करपतो आणि अक्षरं उठतात. तुला चौथीत शिकवलं होतं, क्रिसान्तो. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास."

मेयरचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. सगळ्या माना ट्रककडे वळल्या. मेव्हण्याने ट्रक चालू केला होता आणि तातय दोरोय त्याच्यामागे दोन्ही पायांनी सुसाट धावत होता. सव्वाशे वर्षांत कापितान इतके जोरात कधी धावले नसतील. पोरांनी टाळ्या पिटल्या आणि बँडवाल्यांनी न सांगता धून धरली. मेयर मात्र हवालदाराला घेऊन जीपमध्ये चढले, आणि पुलावर ट्रक अडवूनच परतले.

तोवर बाई गाडीपाशीच उभ्या होत्या आणि लोक भोवती जमले होते.

"तुम्हाला वेडं म्हणायला मी उभी नाही," त्या म्हणाल्या. "माझी चूक तुमच्या घरात पंचवीस वर्षं बायबलशेजारी होती. मोठ्या माणसाने सांगितलं, छापून आलं, पुतळा झाला, म्हणून ते खरं होत नाही. तपासून बघा. आत्म्याला विचारा, मेयरला विचारा, मलाही विचारा. आजवर कुणी विचारलं नाही, तिथेच सगळं चुकलं."

"मी विचारलं होतं, बाई," सिद्रा निखारे सारखे करत म्हणाली. "तुम्हीच हाकललंत."

बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात परतलेल्या मेयरनी पदक पुढे केलं, ते बाईंनी घेतलं आणि सिद्राच्या पिठाने माखलेल्या गळ्यात घातलं.

"हे तुझं होतं. मला माफ कर."

सिद्राने पदक उलटसुलट करून पाहिलं. मग तिने एक गरम बिबिंका केळीच्या पानावर काढून बाईंच्या हातात ठेवला आणि बसायला नाराच्या सावलीतलं आपलं स्टूल दिलं.