कपाटातला पिवळा बल्ब

कोमलला कुणीतरी हुशार म्हणावं एवढीच भूक होती, आणि तिच्या सासऱ्याला ती भूक पक्की ठाऊक होती.

सासरे दत्तोबा. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. लोणावळ्यात वळवणच्या बाजूला त्यांचं तीन खोल्यांचं घर. आबांनी उभा जन्म बंगल्यांची राखण करण्यात घालवला. मुंबईचे मालक मे संपता संपता कुलपं लावून जात ते एकदम दिवाळीला उगवत. मधले चार महिने त्यांचे गालिचे, गाद्या, पुस्तकं आबांच्या जिवावर. चाळीस वर्षांत एका मालकाच्या गालिच्यावर बुरशीचा ठिपका पडू दिला नाही, हे ते आल्यागेल्याला ऐकवत. घरातल्या माणसाला मात्र त्यांनी एवढं कधी जपलं नाही. बायको शालूबाई गेली त्या आठवड्यात त्यांची तक्रार एकच होती, चहा वेळेवर मिळत नाही.

कोमल दौंडकडची. लग्नाआधी नर्सिंगचा कोर्स केलेली, चांगल्या मार्कांनी. नवरा कैलास उर्से टोलनाक्यावर पाळीत कामाला आणि घरी बापापुढं मूग गिळून बसलेला. सहा वर्षं भाकऱ्या थापल्यावर तिनं आरोग्य सेविकेच्या भरतीची परीक्षा दिली, आणि यादीत तिचं नाव आलं. जुन्नरकडं जागा होती, राहायला खोली होती. प्रेरणाला, म्हणजे पोरीला, तिकडच्याच शाळेत घालायचं तिनं मनात पक्कं केलं होतं. आता फक्त पुण्याला जाऊन मूळ कागद दाखवायचे राहिले होते. तारीख यायची होती.

बातमी ऐकून आबांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "मंग हितं माज्या भाकरीचं काय?"

आबांनी ते पुन्हा विचारलं नाही. तिथंच तिनं सावध व्हायला हवं होतं.

मेच्या शेवटी, जेठ लागला तसं लाइटबिल आलं ते डोळे पांढरे करणारं. आबांनी ते पडवीत उभं राहून शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. "रातभर पुस्तकं वाचाया लागत्यात हिला. बिल येनार न्हाई तर काय!" कोमलला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी ती कामशेतला गेली आणि स्वतःच्या पैशातून सात एलईडी बल्ब घेऊन आली. दुकानदारानं सांगितलं होतं, हा नऊ वॅटचा म्हणजे जुन्या साठाच्या बरोबरीचा, डोळे झाकून लावा. तिनं तसेच लावले. स्वयंपाकघर, न्हाणी, पडवी, एकेक जुना बल्ब काढला आणि घर पांढरं लख्ख झालं.

राहिला कपाटातला.

इकडचा पाऊस कपाटाच्या आत येऊन कपडे खातो. म्हणून इकडं घरोघरी एक रीत आहे. जेठ लागला की भिंतीतल्या कपाटात एक पिवळा बल्ब लावायचा, दार घट्ट लावून घ्यायचं, आणि गौरी येईपर्यंत ते उघडायचं नाही. बल्ब रात्रंदिवस जळत राहतो. कोमल नवी नवरी होती तेव्हा शालूबाईनं तिला बजावलं होतं, "ह्यो बल्ब इझवायचा न्हाई हां पोरी, न्हाईतर बुरशी धरंल." का, ते तिनं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. दौंडच्या माणसाला बुरशी ठाऊकच कुठं? तिकडं कशाला वास आला तर उन्हात टाकतात. उन्हानं जातं तसं उजेडानंही जात असेल, अशी तिनं आपली समजूत करून घेतली होती. कोर्सला पहिली आलेली बाई, पण हे तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं.

ती स्टुलावर चढली. आबा दारातच खुर्ची टाकून पान लावत बसले होते.

"आबा, हा पण बदलू ना? रात्रंदिवस जळतो. सगळ्यात जास्त वीज हाच खातो. आणि हा नऊचा म्हणजे साठाच्या बरोबरीचाच आहे."

आबांचा चुन्याचा हात थांबला. त्यांनी कपाटाकडं पाहिलं. खालच्या कप्प्यात तिची निळी फाइल होती, सगळी सर्टिफिकिटं एकेका प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली. मग त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"बदल की," ते म्हणाले. "लय हुशार हाईस तू. आमाला येवढ्या वर्सात सुचलं न्हाई."

कोमलच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सहा वर्षांत पहिला चांगला शब्द! तिनं नवा बल्ब लावला, दार घट्ट बंद केलं.

"माज्या खोलीतल्या कपाटाला तेवढा हात लावू नगंस," आबा म्हणाले. "तुज्या सासूची लुगडी हाईत त्यात. हाय तसं ऱ्हाऊ दे." शालूबाईच्या मागं का होईना, म्हाताऱ्याला माया फुटली म्हणायची, असं तिला वाटलं आणि बरंही वाटलं.

पाऊस आला तो हटेचना. भिंतींना पाझर फुटले, पीठ गोळा झालं, मिठाला पाणी सुटलं. रोज संध्याकाळी कपाटाच्या फटीतून पांढरी रेघ जमिनीवर पडे आणि कोमल ती कौतुकानं पाही. बिल निम्म्यावर आलं. आबा ते बिल खिशात घालून चहाच्या टपरीवर घेऊन जात आणि सुनेची अक्कल लोकांना सांगत. हे तिच्या कानावर येई तेव्हा तिला दोन भाकऱ्या जास्त थापाव्याशा वाटत.

गौरी यायच्या आदल्या दिवशी पुण्याची तारीख कळली. चार दिवसांनी सकाळी दहाला, मूळ प्रतींसह.

कोमलनं कपाट उघडलं आणि आतला वास तिच्या तोंडावर आला. बल्ब झकास जळत होता. त्या लख्ख उजेडात सगळं स्पष्ट दिसत होतं. साड्यांच्या घड्यांवर करडी लव, लाकडावर काळे ठिपके, आणि निळी फाइल फुगून आलेली. तिनं पाकिटातून पहिला कागद ओढला. कागद आला, अक्षरं प्लास्टिकलाच चिकटून राहिली. दुसरा आलाच नाही, त्याचा लगदा झाला होता. तिसऱ्यावर तिचा फोटो होता, त्यावर बुरशीचं फूल उमललं होतं आणि शिक्का निळा ओघळ होऊन खाली उतरला होता. तिनं हात लावला. कपाट थंडगार होतं. बल्ब तीन महिने जळून कपाट थंडगार होतं.

तिनं नर्सिंगच्या कॉलेजात आणि भरतीच्या ऑफिसात फोन लावले. दुसऱ्या प्रती मिळतील, दोन महिने तरी लागतील, असं एकीकडून कळलं. तारीख पुढं जाणार नाही, यादीत खाली माणसं थांबलेली आहेत, असं दुसरीकडून. दोघंही नीट बोलले, नियम सांगितला, फोन ठेवला.

गौरीला नेसवायचं लुगडं मात्र काढायलाच हवं होतं. सण काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. ती आबांच्या खोलीत गेली आणि त्यांचं कपाट उघडलं.

आतून ऊब आली. चुलीजवळ बसल्यावर येते तशी कोरडी, चांगली ऊब. आत पिवळा साठचा बल्ब जळत होता. शालूबाईची लुगडी पापडासारखी खडखडीत होती. त्यांच्यावर कागदांचा एक गठ्ठा होता. कैलासचं आयटीआयचं सर्टिफिकिट. प्रेरणाचा जन्मदाखला. हे सगळं आधी तिच्या कपाटात होतं, तिच्या फाइलीच्या शेजारी.

तिनं तिथूनच कैलासला फोन केला आणि कागद इकडं कसे आले ते विचारलं.

"आबांनी मागितले जेठात, मी काढून दिले," तो म्हणाला. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "म्हणाले, घरातले कागद माझ्याकडं असू दे. का?"

"आणि माझे?"

"तुझे मागितले नाहीत," कैलास म्हणाला.

फोन ठेवून तिनं बल्बाकडं हात नेला. का नेला, तिला कळलं नाही. काढून फोडायचा होता की नुसता शिवून पाहायचा होता.

"हळू," मागून आबा म्हणाले. ते दारात उभे होते, केव्हाचे कोण जाणे. "भाजशील. त्यो गरम असतो."

कोमल वळली. "तुम्हाला माहीत होतं, आबा."

"मला म्हाताऱ्याला काय ठावं? साठाच्या बरोबर, तूच म्हनालीस न्हवं?" त्यांनी आत येऊन कपाटाचं दार हलकेच लावलं, ऊब वाया जाऊ नये म्हणून. "आता येवढं मनाला लावून घिऊ नगंस. च्या ठेव जरा."

तिनं चहा ठेवला. स्वतःचाच राग आला तिला, पण हात सवयीनं चालले.

पुण्याला कागदांची पडताळणी होती त्या दिवशी सकाळी दहा वाजता कोमल चुलीपुढं होती. शेजारची शकुबाई पडवीत आली. तिच्या हातात नवा बल्ब होता, आणि आबांनी तिला सुनेच्या अकलेची गोष्ट साग्रसंगीत सांगितली होती.

"आगं कोमल, तुजं बघून मी बी आनला," शकुबाई म्हणाली. "लेकाच्या लग्नाचे फोटू हाईत कपाटात, तितं लावते. बिल तरी कमी यील. लावू न्हवं?"

आबा खुर्चीत पान चघळत होते. त्यांनी कोमलकडं पाहिलं आणि ती काय म्हणते याची वाट पाहत राहिले. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. शिष्याची परीक्षा घ्यावी तसे बसले होते.

क्षणभर कोमलच्या तोंडात शब्द आले, लावा की मावशी. दुसऱ्या कुणाचं तरी कपाट थंड पडावं असं तिला खरंच वाटलं. त्या वाटण्याची तिला शिसारी आली.

"कपाटात नको, मावशी," ती म्हणाली. "तिथं पिवळाच राहू द्या. तो गरम असतो."

शकुबाई मान हलवून गेली. कोमल तव्यापुढं परतली. इतकंच बोलायला लागत होतं. जेठात, स्टुलावर उभ्या असलेल्या बाईला, इतकंच.

"भाकरी करपली बग," आबा बाहेरून म्हणाले.