खबर आधी गावाला

धाकटी गाडी चालवायला शिकवायची. गावातली निम्मी माणसं तिच्या शेजारच्या सीटवर बसून घाम पुसत शिकली होती. माणूस कशाला भितो आणि कशाला भ्यायला हवं, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, हे तिला तिथंच बसून कळलं होतं. समोरून ट्रक आला की डोळे मिटून घेणारी माणसं पट्टा लावा म्हटलं की म्हणायची, आता कोपऱ्यापर्यंत तर जायचंय. ती वाद घालत नसे. पट्टा लागेपर्यंत किल्ली हातात धरून बसायची, एवढंच.

थोरली बहीण प्रसूतिगृहात नर्स होती. नुकतीच निवृत्त झालेली. म्हणजे गाव थोरलीच्या हातून जन्माला आलं आणि धाकटीच्या हातून रस्त्यावर, असं लोक गमतीनं म्हणायचे. दोघी एकाच घरात राहायच्या, थोरली खाली आणि धाकटी वर. धाकटीनं लग्न केलं नव्हतं. थोरलीचा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. तो नदीकाठच्या कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होता. शेवटची दोन वर्षं तो उशांचा ढीग करून बसल्या बसल्या झोपायचा, आणि त्याच्या खोकल्यानं वरच्या मजल्यावर धाकटीलाही जाग यायची.

ते वीजकेंद्र म्हातारं झालं होतं. सरकारनं ठरवलं, ते बंद करायचं आणि त्याच जागेवर अणुवीजकेंद्र उभारायचं. बातमी आली त्या दिवशी गाव उभं दुभंगलं. राखेला सगळे सरावले होते. वाळत घातलेली चादर झटकून आत घ्यायची, खिडकीची कड रोज पुसायची, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. अणू म्हटल्यावर मात्र गावाची झोप उडाली. थोरली विरोध समितीची अध्यक्ष झाली आणि तिच्या जेवणाच्या टेबलावर रंगाचे डबे आणि फलक आले. रंगाचा वास जिन्यानं वर यायचा.

आता गंमत अशी झाली, की विरोध वाढला तसं सरकारनं आणखी एक ठरवलं. चिठ्ठ्या टाकून गावातली काही साधी माणसं निवडायची, त्यांच्यापुढे दोन्ही बाजूंच्या जाणकारांना बोलवायचं, आणि मग त्या माणसांनी कौल द्यायचा. धाकटी एका निवृत्त पोस्टमास्तरांना गाडी मागे घ्यायला शिकवत होती, तेव्हा फोन आला. तिचं नाव निघालं होतं. तिनं तो फोन ऐकला आणि पोस्टमास्तरांनी गाडी कुंपणाला टेकवली.

वाचनालयाच्या सभागृहात दर शनिवारी या निवडलेल्या माणसांचं मंडळ बसायचं. पहिल्या दिवशी एक प्राध्यापक आले. त्यांनी पडद्यावर आकडे दाखवले. तेवढ्याच विजेमागे कोळशाच्या धुरानं किती माणसं जातात आणि अणुकेंद्रानं किती, मोठमोठे अपघात धरूनसुद्धा. आलेखात कोळशाचा खांब पडद्याच्या वर निघून गेला होता आणि अणूचा खांब शोधायला प्राध्यापकांना काठी लावावी लागली. आकडे खरेच असावेत, असं धाकटीला वाटलं. पण "लोकांची भीती अज्ञानातून येते" असं ते तीनदा म्हणाले, आणि तिसऱ्या वेळेला तिला त्यांच्या हातून स्टिअरिंग काढून घ्यावंसं वाटलं. पुढच्या शनिवारी विरोधाचे वक्ते आले. त्यांनी ओसाड गावांची चित्रं दाखवली. झोका, बाहुली, उघडं दार. चित्रं पाहून सगळ्यांच्या अंगावर काटा आला, पण कोळसा बंद करून दिवे कशावर लावायचे, यावर त्यांनी विषय बदलला. धाकटी घरी आली ती डोकं धरूनच. अपघात बहुधा होणार नव्हता. पण झालाच तर तो एका घरापुरता राहणार नव्हता. आणि जळून उरलेल्या इंधनाला पुढच्या कितीतरी पिढ्यांनी सांभाळायचं होतं. धूर मात्र रोज, हळूहळू, कुणाचं लक्षही न जाता माणसं नेत होता. हे दोन्ही धोके एका तराजूत घालायचे कसे?

मग मंडळाला दूरच्या एका चालू केंद्रात नेलं. पांढरे कोट, छातीला किरणं मोजणारा बिल्ला, दारांमागे दारं. वापरलेलं इंधन खोल पाण्यात ठेवलं होतं. पाणी इतकं स्वच्छ आणि शांत होतं, की धाकटीला नकळत हळू बोलावंसं वाटलं. तिथली सुरक्षा पाहणारी इंजिनीअर बाई कमी बोलायची, पण विचारलं त्याचं सरळ उत्तर द्यायची. धाकटीनं तिला विचारलं, "तुम्ही गावाशी कधी खोटं बोललात का?"

बाईंनी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. खोटं नाही, म्हणाल्या, पण एकदा उशीर केला. एका झडपेतून पाणी गळलं होतं. भिंतीबाहेर थेंब गेला नव्हता, कुणाला इजा नव्हती. वरिष्ठांना वाटलं, उगीच कशाला घबराट. आठवड्यानं बातमी बाहेर पडली. "तेव्हापासून आम्ही सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं, तरी लोक खिडकीतून बघून घेतात," त्या म्हणाल्या.

धाकटी परतली ती कौल होकाराकडे झुकवूनच. थोरली दारातच उभी होती. काय पाहिलंस विचारलं, आणि धाकटीनं सांगितल्यावर म्हणाली, तुला फिरवून आणलं त्यांनी. जावयासारखी बडदास्त ठेवली आणि गुंडाळलं. बोलण्यानं बोलणं वाढलं. थोरली म्हणाली, उद्या या गावात वेडंवाकडं मूल जन्माला आलं तर ते बघायला तू येशील का? धाकटी दिवसभराच्या प्रवासानं शिणली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "भावोजींना कुठल्या अणूनं नेलं गं, ताई?"

थोरलीनं रंगाच्या डब्याचं झाकण हातानं दाबून बसवलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

शब्द तोंडातून सुटला की बाणासारखाच, परत काही येत नाही. दोघींचं बोलणं थांबलं. धाकटी जिन्यावरून उतरताना चप्पल हातात घ्यायची, जणू भाडं थकलंय. आपण बोललो ते खरं होतं आणि तरी बोलायचं नव्हतं, हे तिला दिवसातून चारदा वाटायचं, पण खाली जाऊन दार वाजवायचं धैर्य होत नव्हतं.

तेवढ्यात थोरलीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस आला. गाडीनं न्यायचं आधीच ठरलं होतं. नको म्हणायलासुद्धा बोलावं लागलं असतं, म्हणून सकाळी थोरली मुकाट्यानं गाडीत येऊन बसली. पट्टा लावला. दोघी समोर बघत होत्या. गाडीत हे एक बरं असतं, माणसाला एकमेकांकडे बघावं लागत नाही.

निम्मा रस्ता सरल्यावर थोरली आपणहून बोलू लागली. नर्सिंगचं शिक्षण घेत असताना, मोठ्या शहराच्या इस्पितळात, तिच्या वॉर्डात एक म्हातारा होता. दूर कुठं तरी अणुकेंद्रात अपघात झाला होता, आणि त्याच्या गावाला एका दुपारीत उठवलं होतं. दोन दिवसांसाठी म्हणून. तो परत गेलाच नाही. त्याच्या रक्तात काही नव्हतं, हाडांत काही नव्हतं. सगळ्या तपासण्या चांगल्या येत होत्या. तो रोज विचारायचा, माझ्या घरात काय आहे, किती आहे, मी कधी जाऊ? कुणी म्हणायचं लवकरच, कुणी म्हणायचं वरून कळवतील. थोरलीनं स्वतः डॉक्टरांना विचारलं, तर तेही म्हणाले, आम्हालाही सांगत नाहीत. म्हातारा जेवेनासा झाला आणि भिंतीकडे तोंड करून गेला.

"त्याला किरणांनी नाही मारलं, चिमणे," थोरली म्हणाली. लहानपणी फार चिवचिव करायची म्हणून धाकटीचं हे नाव पडलं होतं, आणि पन्नाशीच्या भरदार अंगालाही ते अजून चिकटलं होतं. "त्याला कुणी खरं सांगितलं नाही, त्यानं मारलं. आणि तुझ्या भावोजींनाही धुरानं नेलं, ते मला ठाऊक आहे. दर वर्षी तपासणी व्हायची त्यांची. छाती साफ आहे, असंच सांगायचे. मी नर्स. मी त्या कागदावर विश्वास ठेवला."

धाकटीनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझं भांडण यंत्राशी नाहीच."

"यंत्राशीही आहे," थोरली म्हणाली. "पण माणसांशी जास्त. चल आता, उशीर होतोय."

शेवटच्या शनिवारी मंडळात प्रत्येकाला बोलायचं होतं. धाकटीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, शिकाऊ गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. चालवणारा वाईट असतो म्हणून नाही, चालवणारा माणूस असतो म्हणून. केंद्र व्हावं, पण गावाच्या पायाशी ब्रेक हवा. किरणं मोजणारे मीटर शाळेत, इस्पितळाबाहेर, बसथांब्यावर, नदीकाठी बसवायचे, ते गावाच्या ताब्यात राहणार. आकडे केंद्राच्या कचेरीतून येणार नाहीत, गावाच्या समितीकडून येतील. काही झालं तर त्याच तासाला खबर, आधी गावाला आणि मग वर. आणि गावानं सांगितलं तर तपासणीसाठी केंद्र थांबवावं लागेल. हे कायद्यात येणार असेल तर माझा होकार, नाहीतर तुमचे खांब तुम्हाला लखलाभ.

मंडळातल्या बऱ्याच जणांच्या मनात हेच घोळत होतं, फक्त त्यांना शब्द सापडत नव्हते. अटींसकट होकाराचा कौल लागला. सरकारनं कुरकुर केली, पण अटी मानल्या. थोरलीनं विरोधाचं मत सोडलं नाही, आणि धाकटीशी बोलणंही सोडलं नाही. गावाची मोजणी समिती नेमायची वेळ आली तेव्हा गावकरी थोरलीच्याच दारात आले. तिनं बजावलं की माझा विरोध कायम आहे. ते म्हणाले, म्हणूनच तर आलोय.

पुढे बरीच वर्षं गेली. धुरांडं पाडलं त्या दिवशी लोक गच्चीवर चढून बघत होते, आणि नंतरच्या उन्हाळ्यात चादरी झटकायची सवय हळूहळू सुटली. नवं केंद्र उभं राहिलं, चालू झालं. थोरलीनं मीटर वाचायला शिकून घेतलं आणि वाचनालयाबाहेरच्या पाटीवर रोजचे आकडे लिहू लागली. केंद्र सुरू व्हायच्या आधीपासूनचे आकडेही तिच्याकडे होते, कारण आधी काय होतं ते माहीत नसेल तर नंतरचं कशाशी ताडून बघणार?

आणि एका सकाळी बसथांब्यावरचा मीटर एकदम चढला. रोजच्या कितीतरी पट. समितीतल्या तरुणांचे चेहरे उतरले. कुणी म्हणालं, मीटर बिघडला असेल, आधी खात्री करू, मग सांगू. थोरलीनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीत बसला. तिनं लगेच पाटीवर लिहिलं, फोनवर सगळ्यांना कळवलं: थांब्यावरचा आकडा वाढलाय, कारण अजून माहीत नाही, शोधतोय, दर थोड्या वेळानं सांगू, तूर्त थांब्यापासून लांब राहा. शाळेनं मुलांना वर्गात घेतलं. केंद्राला फोन गेला. तिथले सगळे मीटर नेहमीसारखे होते, आणि या वेळी नुसत्या शब्दावर विसंबायची गरज नव्हती, कारण केंद्राच्या कुंपणालगत गावाचाही मीटर होता. तोही शांत होता. गाव धास्तावलं होतं, पण धावलं नाही.

धाकटी थोरलीच्या मागे उभी राहून सगळ्या मीटरचे आकडे दाखवणाऱ्या पडद्याकडे बघत होती. थांब्यावरचा आकडा उतरला आणि थोड्या वेळानं बाजारातला चढला. तो उतरला, तर नदीकाठचा चढला. थोरली चष्मा वर सरकवून पुटपुटली, वारा काही बस पकडून जात नाही. हे कुणीतरी माणूस आहे. आणि तिला नोकरीतलं आठवलं, की काही औषधं घेतलेल्या माणसाच्या अंगातूनही थोडे दिवस किरणं निघतात. तिनं शहरातल्या इस्पितळात फोन लावून नाव न विचारता एवढंच विचारलं, आज सकाळी थायरॉईडसाठी किरणांचं औषध दिलेलं कुणी घरी सोडलंय का? पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग हो आलं.

पाटीवर नवी ओळ आली: कारण सापडलं, एका रुग्णाला दिलेलं उपचाराचं औषध, केंद्राशी संबंध नाही, गावाला धोका नाही. थोरलीनं नाव लिहिलं नाही. पण संध्याकाळच्या आत गावातल्या शिंप्यानं स्वतःच बाजारात सांगून टाकलं, की सकाळी अख्ख्या गावाला हलवणारा तो मीच. बायकोनं नदीवरून मोकळी हवा खाऊन ये म्हणून सांगितलं होतं म्हणे. डॉक्टरांनी चार दिवस पोरांजवळ बसू नका सांगितलंय, म्हणून तो दुकानाच्या पायरीवर एकटाच बसला होता आणि लोक लांबून त्याची चेष्टा करत होते. कुणी पळालं नाही. किती अंतर बरं, हे त्यांनी थोरलीला फोन करून विचारून घेतलं होतं.

त्या दिवसानंतर थोरलीचा फोन थांबेना. लोक हवामान विचारावं तसा आकडा विचारतात. परवा धाकटी चहा घ्यायला खाली आली, तर थोरली कुणा गरोदर मुलीशी बोलत होती. आजचा आकडा नेहमीचाच आहे, म्हणाली. काल किती होता, परवा किती, तेही सांगितलं. मग आवाज चढवून विचारलं की लोहाच्या गोळ्या घेतेस की नुसत्या कपाटात ठेवतेस, आणि ती मुलगी बराच वेळ काही तरी सबब सांगत राहिली. धाकटीनं दोन कप काढले आणि गॅस पेटवला.